जांघेला मार लागल्यानंतर टिकून राहिलेली नसेची वेदना आणि लघवीचा त्रास: काय करावं, कोणत्या क्रमाने

सायकलच्या दांडीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर दोन पाय दोन बाजूंना होऊन आपटणं, कबड्डीत बसलेली लाथ, मोटरसायकलच्या टाकीचा बसलेला मार. सूज आणि काळंनिळंपण काही आठवड्यांत जातं. काहींना मात्र तीन महिने उलटले तरी जांघेत करंट लागल्यासारखी कळ येते, कपडा घासला तरी चटका बसतो आणि लघवीही पूर्वीसारखी होत नाही. असं झालं की ‘नस दुखावली आहे, वेळ लागेल’ म्हणून दोन्ही तक्रारी एकाच खात्यावर टाकल्या जातात. घोळ तिथेच होतो. जांघेच्या त्वचेला संवेदना देणाऱ्या नसा मूत्राशय चालवत नाहीत. म्हणून लघवीच्या त्रासाचं कारण वेगळं शोधायचं, आणि ते आधी शोधायचं.

घरी थांबायचं नाही अशा गोष्टी

लघवी पूर्ण तुंबली, लघवीच्या तोंडाशी रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला, किंवा वृषणात अचानक जोराचं दुखू लागलं, तर त्याच दिवशी नव्हे, त्याच तासाला रुग्णालय गाठा. वृषणाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. बसण्याच्या जागेभोवतीचा भाग बधिर झाला, शौचावरचा ताबा गेला किंवा पाय लुळे पडू लागले, तर कण्याच्या टोकाशी नसा दाबल्या गेल्याची शंका घेऊन तातडीने एमआरआय करतात. मार ताजा असेल आणि लघवीच्या तोंडाशी रक्त असेल, तर कुणालाही अंदाजाने नळी घालू देऊ नका. आधी मूत्रमार्गात रंग सोडून एक्स-रे काढतात.

पायरी 1: दुखण्याचा नकाशा काढा

कागदावर जांघ, मांडी आणि पायांमधल्या भागाचं साधं चित्र काढा. दुखतं तिथे लाल, बधिर आहे तिथे निळा रंग भरा. जांघेची घडी, मांडीची आतली वरची बाजू आणि लिंगाचं मूळ किंवा योनीची पुढची बाजू दुखत असेल, तर बहुधा इलिओइंग्वायनल नस. घडीखाली मांडीच्या पुढच्या भागात आणि अंडकोषात कळ जात असेल, तर जेनिटोफेमोरल. गुदद्वारापासून जननेंद्रियापर्यंतचा पट्टा दुखत असेल, बसलं की वाढत असेल, कमोडच्या सीटवर बसल्यावर मात्र बरं वाटत असेल आणि वेदनेने रात्री झोपमोड होत नसेल, तर संशय पुडेंडल नसेवर जातो. लघवी रोखणारा बाहेरचा स्नायू हीच नस चालवते, त्यामुळे या प्रकारात लघवीची तक्रार सोबत असू शकते, तरी तिचं दुसरं कारण आधी तपासायचंच. ‘जांघेत दुखतं’ एवढंच सांगण्यापेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त कामाला येतो.

पायरी 2: तीन दिवस लघवीची नोंद ठेवा

खुणा असलेला अर्ध्या लिटरचा प्लास्टिकचा मग आणि एक वही एवढंच लागतं. प्रत्येक वेळी घड्याळातली वेळ, किती मिलिलिटर झाली, घाई किती होती, गळली का, आणि वेदना शून्य ते दहामध्ये किती, हे लिहा. पाणी, चहा, ताक किती प्यायलात तेही लिहा. दिवसाला सहा ते आठ वेळा आणि दर वेळी 250 ते 400 मिलिलिटर हे साधारण ठीक. पंधरा वेळा जाऊन दर वेळी 80 मिलिलिटरच होत असेल, तर मूत्राशयाला घाईची सवय लागली असेल, संसर्ग असेल किंवा ते नीट रिकामं होत नसेल.

यातल्या एखाद्या वेळी मोबाइलवर सेकंदही मोजा. 300 मिलिलिटर 20 सेकंदांत झाली म्हणजे सरासरी वेग सेकंदाला 15. त्यालाच पूर्ण मिनिट लागलं तर वेग पाचवर आला. यावरून निदान होत नाही, पण दर महिन्याला मोजलं तर धार बारीक होत चालल्याचं लपत नाही.

पायरी 3: मूत्रमार्ग तपासून घ्या

दांडीवर आपटल्यावर अंडकोषामागचा मूत्रमार्ग वरच्या हाडावर चेपला जातो. आतल्या जखमेचा व्रण हळूहळू आवळत जातो आणि मार्ग अरुंद होतो. हे काही महिन्यांनी, कधी तर काही वर्षांनी उघड होतं, तोवर मार लागल्याचा विसरही पडलेला असतो. धार बारीक किंवा फाटलेली, जोर लावावा लागणं, वारंवार ‘उन्हाळी लागणं’ ही त्याची लक्षणं. दर वेळी पाचच दिवसांच्या प्रतिजैविकांवर भागवलं, तर मूळ कारण तसंच राहतं. गोळी सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी, द्या.

युरोलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे, पहिली तपासणी युरोफ्लोमेट्री, म्हणजे यंत्रात लघवी करणं. किमान 150 मिलिलिटर झाली नाही, तर तो आलेख भरवशाचा नसतो. मार्ग अरुंद असेल तर आलेख टेबलासारखा सपाट आणि लांबलचक येतो. स्नायू आवळत असतील तर तुटक, खालीवर होणारा येतो.

त्यानंतर सोनोग्राफीवर मूत्राशयात किती लघवी उरली ते पाहतात. इथे एक चूक फार होते. लिटरभर पाणी पाजून, असह्य होईपर्यंत रोखायला लावून मग लघवी करायला सांगितलं, की ताणलेलं मूत्राशय नीट आकसत नाही आणि शिल्लक खोटीच जास्त दिसते. नेहमीइतकी लघवी लागली की निवांत जाऊन या आणि दहा मिनिटांत तपासणी करून घ्या. शिल्लक 50 मिलिलिटरच्या आत असेल तर चिंता नाही. पुन्हा पुन्हा 200 च्या वर येत असेल तर शोध घ्यायलाच हवा.

अरुंदी सापडली तर रंग सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये तिची लांबी कळते. माराने आलेली छोटी अरुंदी असेल, तर ती जागा कापून टोकं जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा निकाल चांगला असतो. दर काही महिन्यांनी मार्ग रुंद करून घेत राहिलं, तर व्रण वाढतो आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. लांब अरुंदीला गालाच्या आतलं अस्तर लावतात. संपूर्ण मूत्रमार्गाच्या अरुंदीसाठीचं त्यातलं एक तंत्र पुण्याचे मूत्रमार्गाचे शल्यचिकित्सक डॉ. संजय कुलकर्णी यांच्या नावाने जगभर ओळखलं जातं.

पायरी 4: मार्ग मोकळा असेल, तर स्नायू सैल करा

वेदना असली की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि महिनोन्‌महिने तसेच राहतात. आवळलेल्या स्नायूंतून लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, पूर्ण होत नाही, लगेच पुन्हा लागल्यासारखी वाटते. इथे आवळण्याचे केगेल व्यायाम करू नका, त्रास वाढतो. करायचं ते उलट. पाठीवर झोपून पिंढऱ्या खुर्चीवर ठेवा. नाकाने चार सेकंद श्वास घ्या, पोट वर येऊ द्या आणि खालचा भाग सैल सुटल्यासारखा सोडा. सहा सेकंदांत श्वास बाहेर. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. बालासन आणि गुडघे छातीशी घेणं चालतं. मलासन मात्र कळ वाढत नसेल तरच. ओटीपोटाच्या तळावर काम करणारी फिजिओथेरपिस्ट मिळाली तर उत्तम, कारण कोणता स्नायू आवळलेला आहे ते हाताने तपासूनच कळतं.

लघवी करताना जोर लावू नका. पुरुषांनीही काही आठवडे बसून करावी. झाल्यावर पुढे वाका, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. नंतर थेंब गळत असतील, तर अंडकोषाच्या मागे दोन बोटं ठेवून वर आणि पुढे हलकेच दाबत आणा, अडकलेली लघवी बाहेर येते. घाई होत असेल आणि शिल्लक कमी असेल, तर दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला 15 मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत न्या. शिल्लक जास्त असेल त्यांनी रोखायचं नाही. पाणी तोडू नका, दाट लघवीने आग वाढते. लघवी फिकट पिवळी राहील इतकं प्या आणि झोपण्याआधीचे दोन तास कमी प्या.

पायरी 5: बसणं, शौच, स्पर्श

पुढून-मागून खाच असलेली उशी वापरा. नसेल तर दोन टॉवेलांच्या घट्ट गुंडाळ्या करून दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांखाली एकेक ठेवा, मधली जागा अधांतरी राहते. दर अर्ध्या तासाने उठा. सायकल बंद, खड्ड्यांच्या रस्त्यावर दुचाकीही. कुंथण्याने पुडेंडल नस ताणली जाते, म्हणून बद्धकोष्ठ राहू देऊ नका. संध्याकाळी दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्या. कमोड असेल तर पायांखाली छोटा पाट ठेवा.

त्वचेला साधा स्पर्शही सोसत नसेल, तर जुन्या मऊ मलमलीचा तुकडा त्या जागेवर दोन-तीन मिनिटं फिरवा, दिवसातून चार वेळा. ते सोसू लागलं की सुती कपडा, मग टॉवेल. नसेला स्पर्शाची पुन्हा ओळख करून द्यावी लागते, घाई केली तर दुखणं भडकतं.

पायरी 6: औषधं, पण लघवीकडे लक्ष ठेवून

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नसेच्या वेदनेवर फारसं चालत नाही. महिनोन्‌महिने घेतलं तर मूत्रपिंडाला आणि जठराला अपाय होतो. डॉक्टर साधारणतः प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनपैकी एक निवडतात आणि कमी मात्रेपासून चढवतात. योग्य मात्रेवर चार ते सहा आठवडे घेतल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ असं ठरवू नका. प्रेगाबालिनने गुंगी येते, पायांना सूज येते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी लागते. एकदम बंद करायचं नाही.

अमिट्रिप्टिलिन स्वस्त आणि गुणकारी आहे, रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. पण त्याने लघवी तुंबू शकते, म्हणून मूत्राशयातली शिल्लक मोजल्याशिवाय घेऊ नका. सर्दीच्या गोळ्यांतही तीच अडचण असते. ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठ होतं, शिवाय ते अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनसोबत परस्पर घेणं धोक्याचं आहे.

पायरी 7: एवढ्याने भागलं नाही तर

पेन क्लिनिकमध्ये सोनोग्राफीच्या मदतीने संशयित नसेजवळ भूल देणारं इंजेक्शन देतात. इंजेक्शन दिल्यावर काही तास वेदना थांबली, तर नस बरोबर ओळखल्याचं बळ मिळतं. नाहीच थांबली, तर पायरी 1 चा नकाशा पुन्हा काढा, हाड, कंबर आणि हर्नियाही तपासून घ्या. नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी.

लैंगिक संबंधात अडचण येत असेल तर न लाजता सांगा, उपचार त्यावरूनही ठरतात. मन खचलं असेल तर 14416 या टेलीमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. धार सुधारली तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने युरोफ्लोमेट्री पुन्हा करून घ्या आणि जुना आलेख सोबत न्या.