लॅनची वायर घेताना कॅट बघा, पण आधी तांबं बघा

फोंड्याला मामाकडे ३०० एमबीपीएसचा प्लॅन आणि लॅपटॉपला वायर लावली की स्पीड ९४ च्या वर जाईचना. मामा म्हणे राउटर बदलूया, मी म्हटलं थांबा जरा. सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप-राउटरमधल्या वायरीचा वेग, बघितला तर १०० एमबीपीएस, म्हणजे दुखणं वायरीत. आत आठ तारा, चार जोड्या असतात, १०० ला दोनच पुरतात पण १ गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात, म्हणून उरलेल्यातली एखादी तार सुटली तरी नेट बंद पडत नाही, बहुतेक वेळा गुपचूप १०० वर उतरतं. कनेक्टर उजेडात धरला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोचलीच नव्हती. कापून नवा लावला, काम झालं.

आता कॅटचं, म्हणजे वायरीवर छापलेल्या कॅटेगरीचं, दर्जाचं. कॅट-५ई १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट आरामात देते, भिंतीत आधीच असेल तर उगाच उपटू नका. नवीन ओढताय तर कॅट-६ घ्या, ती १० गिगाबिटही साधारण ५५ मीटरपर्यंत नेते आणि आपलं घर केवढं असतं हो. पूर्ण १०० मीटर १० गिगाबिट हवं तर कॅट-६ए, पण ती जाड, कोपऱ्यात वळवताना जीव काढते. कॅट-८ डेटा सेंटरची, ४० गिगाबिट पण ३० मीटरच, घरात कशाला?

खरी फसवणूक वेगळीच. स्वस्त बंडलमध्ये ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, त्याला सीसीए म्हणतात, वर कॅट-६ छापलेलं असलं तरी. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी चमकली तर परत करा. ती दोनदा वाकवली की तुटते, शिवाय त्याच वायरीतून कॅमेऱ्याला करंट द्यायचा तर तापते पण.

क्रिंप करताना, म्हणजे तारा कनेक्टरमध्ये घालून दाबून बसवताना, रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम, आणि जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडवू नका, त्या पिळामुळेच एका जोडीचा सिग्नल दुसरीत घुसत नाही.

बाहेरून न्यायची तर काळ्या जाड कव्हरची आउटडोअर वायरच घ्या, आतली साधी वायर आपल्या उन्हापावसात तडकते. भिंतीत शिरायच्या आधी खाली एक झोल ठेवा, नाहीतर जूनमध्ये पाणी वायरीवरून थेट चिऱ्याच्या भिंतीत. आणि शेजारच्या घरापर्यंत न्यायची असेल तर तांबं नकोच, फायबर टाका, वीज कडाडली की दोन्हीकडचे पोर्ट जायला नकोत.