थोरलीचे कपडे धाकटीला बसवताना या चुका टाळा

मोठ्या बहिणीचा कुर्ता सैल होतोय म्हटलं, की निम्म्या जणी तडक मशीनवर बसतात आणि दोन्ही बाजूंनी एकेक शिलाई मारून मोकळ्या होतात. अहो, आधी आरशात खांदा तरी बघा! खांद्याची शिवण दंडावर उतरली असेल, तर बाजू कितीही आत घ्या, कुर्ता उसनाच दिसणार. बाही उसवायची, खांदा आत घ्यायचा, मुंढ्याला, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईला, नवा आकार द्यायचा आणि बाही पुन्हा बसवायची. मुंढा नुसता खोल असेल, तर खांद्याच्या शिवणीत अर्धा इंच घेतला तरी तो वर येतो. गळाही थोडा वर सरकतो. हे काम कटकटीचं आहे. पण उसवायचा कंटाळा असेल, तर सरळ टेलरकडे द्या.

दुसरी चूक कात्रीची. माझ्या भाचीने साखरपुड्याच्या आदल्या रात्री चुलत बहिणीचा चंदेरी कुर्ता काढला. बगलेपासून कटापर्यंत सरळ रेघेत शिलाई मारली आणि ‘आतून नीट दिसावं’ म्हणून दोन्हीकडची माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जादा कापड, कापून टाकली. अंगात घातल्यावर छातीत बरोबर, पण नितंबावर कट फाकलेले आणि केस विंचरायला हात वर जाईना. सोडायला कापडच उरलं नव्हतं. शेवटी तिच्याच ओढणीचं टोक कापून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या. ओढणीचा रंग एक छटा फिका. पोरगी दिवसभर कोपर अंगाला चिकटवून वावरली.

म्हणून मी आधी हाताने कच्चा धावदोरा घालते, कुर्ता अंगावर चढवायला लावते, हात वर करायला सांगते आणि मांडी घालून बसवते. मगच मशीन. आणि माया कापायची नाहीच. ब्लाउजच्या बाजूला शिंपी दोन-तीन शिलाया उगीच मारत नाहीत. अंग भरलं की एकेक उसवता येते. शिवाय तो कुर्ता उद्या तिसरीकडे जाणार असतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. ब्लेडने उसवू नका, टाके उसवायचा रिपर घ्या. रेशमी कापडावर जुन्या टाक्यांची भोकं राहतात, तेव्हा ते सैल करण्याआधी आतल्या कोपऱ्यात चार टाके उसवून बघा. जुन्या कपड्याला नवं सुती अस्तर लावताना ते आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटेल आणि वरचं कापड फुगेल. टी-शर्टला साधी सरळ शिलाई ताणली की तुटते, बारीक झिगझॅग मारा. फ्रॉकची दुमड सोडली की जुनी घडी रेघ होऊन दिसते. इस्त्रीने ती जात नाही, वर लेस लावून टाका. आणि सेफ्टी पिनांवर वर्ष काढणाऱ्यांना काय बोलणार!

जीन्सची कंबर बाजूने घेऊ नका, खिसे वाकडे होतात. मागचा लूप आणि कंबरेची पट्टी उसवून मागच्या मधल्या शिवणीत घ्या. पण दीड-दोन इंचांपेक्षा जास्त नाही, मागचे खिसे एकमेकांना भिडतात. सुई सोळा नंबरची. खालची दुमड शिवताना जाड जोडावर मशीन अडलं, की मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या मागे कापडाची घडी सरकवा आणि चाक हाताने फिरवा. तिथे पायडल दाबलं की सुई मोडलीच समजा.