डी अँड डी खेळताना नियम कुठला धरायचा?

लढाई ऐन रंगात आहे, आणि एक खेळाडू म्हणतो, "मी हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) पितो आणि तलवारही चालवतो." चालेल? 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या टेबलावर बसून, पात्रं बनवून खेळायच्या खेळाच्या २०१४ च्या नियमांत नाही चालत, कारण पोशन पिण्यात अख्खी ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, जाते. २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये चालतं, तिथे बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली जादा छोटी कृती, पुरते. दोन्ही पुस्तकं अधिकृत, एकाने हे आणि दुसऱ्याने ते धरलं तरी दोघेही बरोबर, आणि पुढचा अर्धा तास वादात.

म्हणून कॅरेक्टर (आपलं पात्र) बनवायला बसण्याआधी आवृत्ती ठरवा. २०१४ की २०२४? जुनी साहसं, म्हणजे खेळायच्या तयार कथा, नव्या नियमांवर खेळता येतात. पण एकाच टेबलावर एकाने जुनं हँडबुक आणि दुसऱ्याने नवं धरलं, तर वर सांगितलेला प्रकार होणारच.

मग पुस्तकांची यादी करा. 'प्लेयर्स हँडबुक', 'डन्जन मास्टर्स गाइड' आणि 'मॉन्स्टर मॅन्युअल' हा पाया. झनाथरचं (२०१७) आणि टाशाचं (२०२०) ही नियमांची पुरवणी पुस्तकं अधिकृतच आहेत, पण त्यातलं सगळं ऐच्छिक. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर, हो म्हणेल तरच ते लागू. २०१४ च्या हँडबुकात तर फीट्स (पात्राच्या खास क्षमता) आणि मल्टिक्लासिंगही (एकाच पात्राने एकाहून जास्त क्लास, म्हणजे पेशे, घेणं) ऐच्छिकच आहेत, हे कित्येक जुन्या खेळाडूंच्या गावी नसतं. पुस्तकांवर खर्च करायचा नसेल तर एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, फुकट मिळतं. जानेवारी २०२३ पासून त्याची ५.१ आवृत्ती क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुली आहे. सगळे क्लास-उपप्रकार त्यात नाहीत, पण सुरुवातीला तेवढं पुष्कळ होतं.

आता इराटा. ही प्रकाशकाने केलेली दुरुस्ती, म्हणजे नियमच. तुमची प्रत पहिल्या छपाईची असेल तर मित्राच्या प्रतीत वेगळं वाक्य दिसू शकतं, तेव्हा दुरुस्तीची यादी उघडून बघा. 'सेज ॲडव्हाइस कम्पेंडियम' हा त्यापेक्षा वेगळा प्रकार आहे. तिथे नियम बदलत नाहीत, त्यांचा अर्थ सांगितला जातो. एके काळी नियमांचे प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड यांचे ट्वीटही अधिकृत निकाल धरले जात. जानेवारी २०१९ पासून ते बंद झालं आणि कम्पेंडियममध्ये आलेलं तेवढंच अधिकृत उरलं. तरी जुन्या ट्वीटचा स्क्रीनशॉट पुढे करणारा एकतरी महाभाग प्रत्येक ग्रुपात असतोच! त्याला तारीख विचारा.

अधिकृत वाटणाऱ्या पण नसलेल्या गोष्टींत फसगत जास्त होते. 'अनअर्थ्ड आर्काना' खुद्द प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टच काढतं, पण ते चाचणीसाठीचं साहित्य आहे, पुढे बदलेल किंवा टाकूनही दिलं जाईल. 'ब्लड हंटर' क्लास डी अँड डी बियाँड या अधिकृत संकेतस्थळावर दिसतो म्हणून अधिकृत होत नाही, तो 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमाचे डीएम मॅथ्यू मर्सर यांनी बनवलेला आहे. आणि 'बाल्डर्स गेट ३' खेळून आलेल्यांना वाटतं, की वीस पैलूंच्या फाशावर वीस पडले की कुलूपही उघडलंच पाहिजे. त्या व्हिडिओ गेममध्ये तसं आहे. २०१४ च्या पुस्तकात वीसचा हा मान हल्ल्याच्या फाशाला आहे, कुलूप उघडण्याच्या फाशाला नाही.

यातलं काही वापरू नका असं नाही. गल्लीतला 'एक टप्पा आऊट' कुठल्या नियमावलीत असतो? पण तो पहिला चेंडू पडायच्या आधी सगळ्यांना माहीत असतो. ॲडव्हेंचरर्स लीग या अधिकृत आयोजित खेळाच्या टेबलावर मात्र ही मोकळीक नाही, तिथे लीगची नियमावली पाळावी लागते.

तरीही खेळताना वाद निघालाच, तर डीएमने लगेच निकाल द्यावा, खेळ पुढे न्यावा आणि पुस्तक सेशन संपल्यावर उघडावं. निकाल चुकला असेल तर बदल पुढच्या वेळेपासून.

शेवटी हे सगळं चार ओळींत लिहून व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करा. साधारण असं:

"२०१४ चे नियम, इराटासकट. तीन मूळ पुस्तकं आणि झनाथर चालेल, टाशा विचारून. अनअर्थ्ड आर्काना नाही. पोशन स्वतः प्यायचं तर बोनस ॲक्शन, दुसऱ्याला पाजायचं तर ॲक्शन. हा आपला घरचा नियम."