रोजचं तेच ते काम मॅक्रोवर कसं सोपवावं

रोज तोच प्रोग्रॅम उघडायचा, तोच रिपोर्ट काढायचा आणि नावात तारीख घालून त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करायचा. अशी कामं मॅक्रोला, म्हणजे एकदा नोंदवून ठेवलेल्या आणि आपोआप पुन्हा चालणाऱ्या पायऱ्यांना द्यावीत. रेकॉर्ड करणं सोपं असतं. आपण समोर नसताना तो बिनचूक चालावा, यासाठी मात्र थोडी तयारी लागते.

आधी साधन निवडा. काम फक्त एक्सेलमधलं असेल तर ‘व्ह्यू’ टॅबमधला ‘रेकॉर्ड मॅक्रो’ पुरेसा आहे. फाइल एक्सएलएसएम (.xlsm) प्रकारात सेव्ह करा, नाहीतर मॅक्रो फाइलबरोबर राहत नाही. दोन-तीन प्रोग्रॅममधून फिरायचं असेल तर पुलोव्हर्स मॅक्रो क्रिएटर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. रेकॉर्डिंगची ऑटोहॉटकी स्क्रिप्ट (ऑटोहॉटकी या मोफत प्रोग्रॅममध्ये चालणाऱ्या आज्ञांची फाइल) ते काढून देतं, पण ती ऑटोहॉटकीच्या १.१ आवृत्तीची असते, २.० वर चालत नाही. विंडोज ११ सोबत येणाऱ्या पॉवर ऑटोमेटचा रेकॉर्डर चांगला आहे, पण मोफत आवृत्तीत वेळापत्रक लावता येत नाही.

रेकॉर्डिंगआधी एकदा सगळं काम हाताने करा आणि प्रत्येक पायरी कागदावर उतरवा. मग रेकॉर्ड करताना शक्य तिथे माउस टाळा. माउसचा क्लिक म्हणजे पडद्यावरची एक जागा. उद्या खिडकी जरा सरकली किंवा डिस्प्ले स्केलिंग (पडद्यावरच्या गोष्टींचा आकार) १०० वरून १२५ टक्के झालं, की तोच क्लिक भलत्याच बटणावर पडतो. कंट्रोल+एस मात्र खिडकी कुठेही असली तरी सेव्हच करतो. पासवर्ड कधीही रेकॉर्ड करू नका. तो स्क्रिप्टमध्ये उघडा पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती. रेकॉर्डर ‘तीन सेकंद थांब’ अशी नोंद करतो. एखाद्या दिवशी प्रोग्रॅम उघडायला आठ सेकंद लागले, की पुढची अक्षरं तिसऱ्याच खिडकीत टाइप होतात. म्हणून जिथे खिडकी उघडण्याची वाट पाहायची आहे, तिथे स्क्रिप्टमधली स्लीप ही ठरावीक वेळ थांबण्याची आज्ञा काढून विनवेटअ‍ॅक्टिव्ह (WinWaitActive) ही आज्ञा टाका. ती खिडकी समोर येईपर्यंत मॅक्रो थांबून राहतो. सोबत एस्केपसारखी एखादी कळ मॅक्रो बंद करण्यासाठी नेमून ठेवा. बेभान क्लिक करत सुटलेला मॅक्रो माउसने थांबवायला जाणं म्हणजे झटापटच.

वेळ लावायला विंडोजमधला टास्क शेड्युलर उघडा, ‘क्रिएट टास्क’ घ्या, ट्रिगरमध्ये रोजची वेळ आणि अ‍ॅक्शनमध्ये स्क्रिप्ट द्या. इथे बरेचजण ‘युजर लॉग-ऑन असो वा नसो, चालव’ हा पर्याय निवडून फसतात. त्यात टास्क चालतो, पण डेस्कटॉपशिवाय, त्यामुळे क्लिक आणि कळा कुठेच पोचत नाहीत. ‘लॉग-ऑन असतानाच’ हाच पर्याय ठेवा आणि त्या वेळी पडदा लॉक होणार नाही असं बघा. लॅपटॉप असेल तर कंडिशन्समध्ये जा: चार्जर लावलेला असेल तरच टास्क सुरू करायचा, ही खूण तिथे आधीपासूनच असते; बॅटरीवरही चालवायचा असेल तर ती काढा. वेळ हुकली तर नंतर चालवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे.

पहिला आठवडा रोज फोल्डर उघडून फाइल आली का ते पाहा. शेड्युलरच्या ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये यशाची नोंद दिसली तरी तिचा अर्थ एवढाच, की स्क्रिप्ट चूक न नोंदवता संपली, रिपोर्ट खरंच सेव्ह झाला की नाही, हे त्याला माहीत नसतं.