भूकंपांच्या ताज्या यादीतून खाली जाणारा भूपट्ट दाखवायचा कसा

भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे तुकडे, शिकवताना फळ्यावर तिरकी रेघ मारून "हा भूपट्ट इथून खाली जातो" असं सांगता येतं. तीच रेघ मुलांकडून खऱ्या भूकंपांच्या ठिपक्यांनी उमटवून घेता येते. त्यासाठी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची, म्हणजे यूएसजीएसची, फुकट मिळणारी भूकंपांची यादी, एक स्प्रेडशीट आणि दोन तासिका पुरतात. अकरावी-बारावीपासून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत हे जमतं.

पहिल्या तासिकेला यूएसजीएसच्या संकेतस्थळावरचा ताज्या भूकंपांचा नकाशा उघडा. गेला तास, दिवस, ७ दिवस, ३० दिवस असे पर्याय असतात. आधी '७ दिवस, मॅग्निट्यूड (भूकंपाची तीव्रता मोजणारा आकडा) २.५ आणि वरचे' निवडा आणि सर्वांत जास्त भूकंप कुठे होतात ते लिहायला सांगा. बरीच मुलं खुशाल अमेरिका लिहितात, कारण कॅलिफोर्निया आणि अलास्का ठिपक्यांनी भरलेले दिसतात. मग '४.५ आणि वरचे' करा. नकाशा पालटतो आणि पॅसिफिकची कड उठून दिसते. अमेरिकेत भूकंपमापक यंत्रं दाट आहेत म्हणून तिथले लहान धक्केही या यादीत येतात. बाकी जगातले येत नाहीत. ही चूक आधी होऊ द्यावी, मगच सांगावी.

आठवड्याभराचे ठिपके छेद, म्हणजे जमीन उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढायला पुरत नाहीत. त्यासाठी त्याच संकेतस्थळाच्या शोधपानावर जाऊन अक्षांश उणे १७.५ ते उणे २०.५, रेखांश १७७ ते १८८, मॅग्निट्यूड ४.५ आणि वर, तारीख १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०१८ असं भरा आणि सीएसव्ही, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल, उतरवा. हा टोंगा-फिजीचा पट्टा. २०१८ घ्यायचं कारण म्हणजे १९ ऑगस्टचा ८.२चा भूकंप, जमिनीखाली सुमारे ६०० किलोमीटरवर झालेला. अक्षांशाचा पट्टा याहून रुंद करू नका. तिथली गर्ता, म्हणजे भूपट्ट जिथून खाली जातो ती समुद्रतळाची खोल घळ, तिरकी आहे, त्यामुळे रुंद पट्ट्यात ठिपके फिसकटतात. फाइल आदल्या दिवशीच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. लॅबमधल्या वीस मशिनींनी एकदम नेट ओढलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आलेख 'स्कॅटर' प्रकारचा, आडवा अक्ष रेखांश, उभा अक्ष खोली. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. यादीत १८०च्या पलीकडचे रेखांश ऋण येतात, म्हणून अर्धे ठिपके डावीकडे उणे १७५ला आणि अर्धे उजवीकडे १७९ला पडतात, मधे भलंमोठं पटांगण. ऋण रेखांशात ३६० मिळवणारा नवा स्तंभ करा. दुसरं, खोली धन आकड्यात असते, म्हणून भूपट्ट आकाशाकडे चढतो. उभा अक्ष उलटा करा, नाहीतर खोलीला उणे १ने गुणा.

आता ठिपके पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरताना दिसतील. नेमक्या १० किलोमीटरवर एक सरळ आडवी रांगही दिसेल. मुलं ती 'चूक' म्हणून पुसायला निघतात. पुसू देऊ नका. उथळ भूकंपाची खोली मोजमापांतून नीट ठरली नाही की तिथे १० हा ठरीव आकडा घालतात. यादीतला प्रत्येक आकडा मोजलेला नसतो, हे या रांगेइतकं स्वच्छ दुसरं काहीच दाखवत नाही.

भूपट्टाच्या कलाचा, म्हणजे उताराचा, कोन पडद्यावर कोनमापक ठेवून काढायचा नाही. दोन अक्षांची मापं वेगळी असतात. १९ अंश दक्षिणेला रेखांशाचा १ अंश म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर. गर्ता साधारण १८७ ते १८७.५च्या आसपास, ८.२चा भूकंप १८१.९ला. आडवं अंतर ५४० ते ५९० किलोमीटर, खोली ६००. खोलीला आडव्या अंतराने भागून त्याचा व्यस्त टॅन काढला की ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान उत्तर येतं. ६ सप्टेंबरच्या ७.९च्या भूकंपाभोवतीचे ठिपके आणखी पश्चिमेला बाजूला पडलेले असतात, ते या हिशेबात धरू नका.

वेळेचा स्तंभ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो, शिवाय स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते. पहिली १० अक्षरं तारखेची, १२व्या अक्षरापासून ८ वेळेची; दोन्ही वेगळी काढून बेरीज करा आणि त्यात ५.५ भागिले २४ मिळवा, म्हणजे भारतीय वेळ येते. याचा सराव कोयनेवर द्या. ११ डिसेंबर १९६७ ही तारीख सगळ्यांना पाठ असते; शोधपानावर सुरुवातीची तारीख ११ घातली की भूकंप सापडतच नाही. तो यादीत १० डिसेंबरला २२:५१ वाजता आहे. किल्लारीचंही तेच: आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, यादीत २९ तारीख.

कोयना किंवा डहाणू परिसरातले हल्लीचे लहान धक्के हवे असतील, तर दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची यादी वापरा. दोन्ही याद्या एकाच आलेखात मात्र घालू नका: एकच भूकंप दोनदा मोजला जातो आणि त्याचं मॅग्निट्यूडही दोन्हीकडे जुळेलच असं नाही.