कोळी दिसला की या चुका टाळा

रात्री अकरानंतर दाराची बेल वाजली की मला अंदाज येतो, कुणाच्या तरी भिंतीवर कोळी आलाय. आमच्या इमारतीत हे काम माझ्याकडे आलं त्याला बरीच वर्षं झाली. मी पोचते तेव्हा घरातली मंडळी पलंगावर उभी असतात, कुणाच्या तरी हातात झाडू असतो, फरशी स्प्रेने ओली झालेली असते आणि कोळी कपाटामागे गेलेला असतो. दहा मिनिटांपूर्वी तो समोर, उजेडात, एका जागी बसलेला होता. तेव्हा त्याला बाहेर नेणं दोन मिनिटांचं काम होतं. आता तो हाती लागणार नाही आणि त्या घरात रात्रभर कुणाचा डोळा लागणार नाही.

मला स्वतःला कोळ्यांची भीती होती, आणि ती साधीसुधी नव्हती. न्हाणीघरात कोळी दिसला तर दोन-दोन दिवस मी तिथे पाऊल टाकत नसे. त्यामुळे घाबरणाऱ्याला मी कधी हसत नाही, दुसरं कुणी हसलं तर मला राग येतो. पण भीती वेगळी आणि भीतीपोटी केलेली घाई वेगळी. नुकसान होतं ते या घाईने.

स्टुलावर चढून स्प्रे मारणं

या चुकीवर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हिच्यामुळे मी एका माणसाचं मनगट मोडलेलं पाहिलंय.

शेजारच्या घरातली गोष्ट. बेडरूमच्या छताला, अगदी कोपऱ्यात, तळहाताएवढा तपकिरी कोळी. घरातल्या दादांनी प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं, वर चढले आणि झुरळांच्या स्प्रेचा अख्खा डबा त्याच्यावर रिकामा केला. कोळी मेला नाही. तो वेडावाकडा पळाला आणि सुटून थेट त्यांच्या खांद्यावर पडला. ते दचकले, स्टूल ओल्या फरशीवरून सरकलं आणि ते हातावर आपटले. सहा आठवडे प्लास्टर. कोळी दुसऱ्या दिवशी पाय आत मुडपून उशीखाली मेलेला सापडला, आणि त्या खोलीतला औषधाचा वास तीन दिवस गेला नाही.

असं का होतं ते समजून घ्या. कोळी कीटक नाही. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. आणि तो त्या पायांच्या टोकांवर, अंग उचलून चालतो. झुरळ पोट आणि मिशा घासत फिरतं, म्हणून फरशीवर मारून ठेवलेलं औषध त्याच्या अंगाला भरपूर लागतं. कोळ्याला त्या मानाने फारच कमी. थेट अंगावर फवारलं तर तो मरतो, पण लगेच नाही. औषधाचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो, त्यामुळे मरण्याआधी तो सैरावैरा धावतो. म्हणजे ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते, नेमकं तेच तुम्ही त्याला करायला लावता.

माझा नियम साधा आहे. छतावरच्या कोळ्यासाठी मी काहीही करत नाही. दिवा मालवते, दार लावते, दाराखालच्या फटीत कापड सारते आणि दुसऱ्या खोलीत झोपते. पाय जमिनीवर ठेवून हात पोचेल एवढ्या उंचीवर तो आला, तरच त्याला उचलायचं. लोकांना हे पटत नाही, त्यांना आत्ताच्या आत्ता निकाल हवा असतो. पण छतावर बसलेल्या कोळ्याने खाली झोपलेल्या माणसावर हल्ला केल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. स्टुलावरून पडलेली माणसं पाहिली आहेत.

तो मोठा, चपटा, आडवा पळणारा कोळी बहुतेक वेळा हंट्समन जातीचा असतो. उष्ण प्रदेशांत तो जगभर घरांतून आढळतो. तो जाळं विणत नाही, रात्री फिरून शिकार करतो आणि झुरळं खातो. त्याच्या पोटाखाली पांढरट, चपटी, गोल चकती दिसली तर ती मादी आहे आणि ती चकती म्हणजे अंड्यांची पिशवी. तिच्यावर चप्पल मारू नका. लांडगा-कोळ्याची मादी तर पिल्लं बाहेर पडल्यावर त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. तिला मारलं की डझनावारी पिल्लं खोलीभर पसरतात.

झाडू घेऊन धावणं, फुंकर मारणं

"तो माझ्या अंगावर धावून आला" हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. घरात दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांची नजर कमजोर असते. अंगावरच्या बारीक केसांना लागणारी हवा आणि पायाखालची थरथर यांवरूनच त्यांना जग कळतं. तुम्ही झाडू उगारला, फुंकर मारली, पाय आपटला की त्याला धोका जाणवतो आणि तो सापडेल त्या आडोशाकडे सुटतो. आडोसा तुमच्या मागच्या पलंगाखाली असेल तर वाट तुमच्या पायांवरून जाते. उड्या मारणारा छोटा कोळी मात्र याला अपवाद आहे. त्याचे पुढचे दोन मोठे डोळे तीक्ष्ण असतात, म्हणून तो वळून तुमच्याकडे बघतो. बघू द्या, त्यात धोका नाही.

उचलण्यासाठी रुंद तोंडाचा पारदर्शक डबा आणि जाड पुठ्ठा लागतो. मोठ्या कोळ्यावर पाण्याचा पेला ठेवणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. काठाखाली पाय चेंगरतो, आणि कोळी अडकलेला पाय तोडूनही निसटू शकतो. डबा सरळ समोरून, हळू न्या. टेकवल्यावर थांबा, त्याला आत एक फेरी मारू द्या. मग पुठ्ठा एका बाजूने इतका सावकाश सरकवा की तो स्वतःच पाय उचलून पुठ्ठ्यावर चढेल. बाहेर झाडांजवळ डबा आडवा करून ठेवा आणि मागे सरका. माझा डबा दाराजवळच्या फळीवर असतो, आणि तो दुसऱ्या कशालाही वापरायला घरात बंदी आहे. ऐनवेळी शोधाशोध सुरू झाली की हात थरथरायला लागतात.

काही छोट्या गोष्टी

बादलीत किंवा बेसिनमध्ये सापडलेला कोळी नळीतून वर आलेला नसतो. तो पाण्यासाठी उतरतो किंवा घसरून पडतो आणि गुळगुळीत कडा चढता येत नाही म्हणून अडकतो. जुन्या फडक्याचं एक टोक आत सोडा, सकाळपर्यंत निघून जाईल. कृपा करून गरम पाणी ओतू नका.

कोपऱ्यात दिवसेंदिवस न हलणारा, पोकळ, फिकट "कोळी" बऱ्याचदा नुसती कात असते. उचला आणि टाका.

लांब काडीसारख्या पायांचा, धक्का लागला की जाळ्यात थरथर हलणारा कोळी "जगात सर्वांत विषारी, पण दात छोटे म्हणून चावू शकत नाही" असं सांगतात. हे खोटं आहे. त्याचं विष माणसाला घातक असल्याचा कसलाही पुरावा नाही. झोपेत माणूस वर्षाला ८ कोळी गिळतो, हेही असंच निराधार.

पेपरमिंटच्या तेलावर माझा विश्वास नाही. वास लवकर उडतो आणि माणूस निश्चिंत होऊन दाराखालची फट बुजवायची विसरतो. जळमटं काढून पुन्हा तिथेच होत असतील तर वर बघा, जवळ दिवा असेल. दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागे कोळी.

प्रत्येक फोडाचा आळ कोळ्यावर घेणं

सकाळी अंगावर लाल पट्टा किंवा फोड दिसला की "कोळी फिरला" म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय धोक्याची आहे. कोळी माणसाचं रक्त पीत नाही, त्याला चावायला काही कारण नसतं. बहुतेक वेळा बुटात, कपड्यात किंवा हातमोज्यात दाबला गेला तरच तो चावतो. म्हणून अडगळीतले बूट आणि बरेच दिवस पडून असलेले कपडे झटकून घाला. पुरळ पट्ट्यासारखं असेल आणि जळजळत असेल तर पेडेरस नावाचा बारीक भुंगेरा त्वचेवर चिरडला गेल्याची शक्यता जास्त. त्याच्या अंगातल्या पेडेरिन या द्रवाने साधारण दिवसभराने फोड येतात. जिवाणूंचा संसर्गही असाच दिसू शकतो.

आमच्या ओळखीच्या एका आजींच्या पाठीवर, एकाच बाजूला, आग होणारे फोड आले. घरच्यांनी कोळी समजून चार दिवस लेप लावले. डॉक्टरांनी पाहिलं तर नागीण निघाली. नागिणीचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तर सर्वांत चांगलं, आणि ती वेळ लेपात गेली होती. आजींची पाठ पुढे कित्येक महिने ठणकत होती. ते दुखणं आठवलं की मला अजून हळहळ वाटते.

कोळी चावताना खरंच पाहिलं असेल तर जागा साबणाने धुवा, थंड शेक द्या, कोळ्याचा फोटो काढून ठेवा. कापणं, चोखणं, काळंनिळं होईपर्यंत घट्ट बांधणं यातलं काही करू नका. दुखणं पसरू लागलं, स्नायूंत पेटके आले, दरदरून घाम फुटला किंवा श्वास अडला तर थेट रुग्णालय गाठा. ब्लॅक विडो, रिक्लूज, ऑस्ट्रेलियातला फनेल-वेब असे मोजकेच कोळी माणसाला गंभीर इजा करतात, आणि त्यांवरही उपचार आहेत. फनेल-वेबवर १९८१ मध्ये प्रतिविष आलं, त्यानंतर त्याच्या दंशाने कुणी दगावल्याची नोंद नाही.

भीती एका झटक्यात घालवणं

या चुकीचा मला सर्वांत जास्त राग आहे. एका घरगुती समारंभात सात वर्षांच्या मुलीच्या तळहातावर तिच्या काकांनी मेलेला कोळी ठेवला आणि मूठ दाबून धरली. "एकदा हातात घेतला की भीती जाते," असं ते सांगत होते. मुलगी किंचाळली, मग गप्प झाली. पुढे कित्येक महिने चादर झटकून दाखवल्याशिवाय ती अंथरुणात शिरत नव्हती. तोवर तिला कोळ्याची नुसती किळस होती. त्या दिवसापासून भीती बसली आणि काकांवरचा भरवसा उडाला.

याच्या उलट टोकाची चूक माझ्या आईने माझ्या बाबतीत केली, तीही मायेपोटी. मी ओरडले की ती धावत यायची आणि कोळी मारायची. मला हायसं वाटायचं. पण पळून गेल्यावर मिळणारं ते हायसं वाटणंच मेंदूला शिकवतं की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती आणखी लवकर उसळते.

माझी भीती पायरी-पायरीने गेली. आधी कागदावर काढलेला कोळी, मग फोटो, मग व्हिडिओ, मग कात. त्यानंतर झाकण लावलेल्या डब्यातला जिवंत कोळी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. रोज एक फरशी जवळ. छाती धडधडत असताना उठायचं नाही, धडधड निम्म्यावर येईपर्यंत बसून राहायचं, हा माझा एकच दंडक होता. डबा स्वतः धरायला मला पाच महिने लागले. माझ्याकडे शिकायला येणारे दुसऱ्याच दिवशी विचारतात, "आता हात लावू का?" हात लावायची गरजच नाही. मी अजूनही कोळी हातावर घेत नाही आणि माझं काही अडत नाही.

लार्स-योरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये एकाच बैठकीतल्या उपचाराची पद्धत मांडली, जास्तीत जास्त ३ तासांची. हे कळलं की लोकांचे डोळे चमकतात आणि ते घरच्या घरी ३ तास ठरवून बसतात. पण त्या बैठकीत समोर प्रशिक्षित माणूस असतो, पुढचं पाऊल आधी सांगितलं जातं, करून दाखवलं जातं आणि तुमच्या होकाराशिवाय उचललं जात नाही. काकांच्या मुठीत यातलं काहीच नव्हतं.

कोळ्याच्या धास्तीने तुम्ही एखादी खोली वापरणं सोडलं असेल, झोप उडाली असेल आणि असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर मानसोपचार करणाऱ्या जाणकाराकडे जा. पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारा: भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायला शिकवता का, आणि मला न सांगता कोळी समोर आणणार नाही ना. दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर उठा आणि दुसरीकडे जा.