तोंड सारखं येतंय? गोळ्यांआधी जीभ नीट बघा

तोंड आलं की कोल्हापुरात निदान तयारच असतं: मिसळीचा कट बाधला, नाहीतर पोटात उष्णता झाली. मग गुलकंद, सब्जा आणि मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी. दातांच्या दवाखान्यात बसून हे ऐकायचा मला आता वीट आलाय. तिखटानं पोळलेलं तोंड लवकर निवतं. वरचेवर येणाऱ्या तोंडामागे मात्र रक्तातली कमतरता असू शकते.

चूळ भरा, कवळी असेल तर काढा आणि मोबाइलच्या उजेडात गाल, टाळू, हिरड्या बघा.

जिभेला वेळ द्या. नुसती बाहेर काढून भागत नाही. टोक स्वच्छ रुमालात धरून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढा. कड पार दाढांपर्यंत दिसली पाहिजे. मग टोक टाळूला लावून खालची बाजू बघा. निरोगी जीभ वरून खरखरीत असते. ती गुळगुळीत, लालभडक झाली, आमटीसुद्धा झोंबू लागली, ओठांचे कोपरे चिरले, तर लोह, बी१२ किंवा फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिड) कमी असण्याचा संशय घ्यायचा.

आणि इथं आधी रक्त तपासायला द्यायचं, गोळ्या नंतर. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. आधीच गोळ्या खाल्ल्या तर रिपोर्टात बी१२ ठीक दिसतं आणि ते मुळात का कमी झालं होतं हे कळतच नाही. नुसत्या फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारतं, पण बी१२ कमी असेल तर नसांची खराबी आत चालूच राहते. ‘आमच्यात मटण असतंय, बी१२ कसं कमी होईल?’ हा प्रश्न तर रोजचाच. तांबडा-पांढरा रस्सा वरपणाऱ्या एका मामांची जीभ ओल्या काचेसारखी झाली होती, पायांना मुंग्या येत होत्या. मधुमेहासाठी ते वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत होते. त्या गोळीनं बी१२ कमी शोषलं जातं. पित्ताच्या गोळ्या कायम घेणाऱ्यांचंही तसंच होऊ शकतं. म्हणून चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्या. मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका.

हिरड्यांना वरचेवर पू, दात हलताहेत, तोंड कोरडं: साखर तपासा. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.५ किंवा जास्त आली तर फिजिशियन गाठा.

ब्रश न लावताच हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, ताप: त्याच दिवशी दवाखाना.

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल-पांढरा चट्टा, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत: मिशरी-गुटखा आजच सोडा आणि सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही.